तांदळाच्या पिठातलं पाऊल

मला कादंबरी लिहायला कोणी शिकवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली जो येतो तो विचारतो, काका, तुम्ही कुठे शिकलात. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि त्यातली अर्धी गुरांमागे गेली. पण माझ्या नऊ कादंबऱ्या छापून आल्यात आणि वाचनालयाच्या कपाटात शिकलेल्या माणसांच्या पुस्तकांना खांदा लावून उभ्या आहेत. याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. कुठे शिकलो याचं खरं उत्तर द्यायचं तर आमच्या घरातल्या एका पितळी परातीबद्दल सांगावं लागेल. नऊपैकी एकाही पुस्तकात मी ती परात घातली नाही. घालायला बसलो की हात थांबायचा. आता वय असं आहे की थांबलेल्या हाताचं कौतुक परवडत नाही.

आमचं घर बदलापूर गावात, नदीच्या अंगाला. माझा बाप आणि काका दोघेही मी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात दोन विधवा जावा, माझी आई आणि काकी, आणि त्यांचे दोन मुलगे, काकीचा हरी आणि मी. चूल एकच. भाताची शेती होती, दोन म्हशी होत्या, मागच्या दारी अळू आणि वालाचा मांडव. पहाटे जातं घरघरायचं, मग भाकऱ्या थापल्याचा आवाज, मग फोडणीचा. काकी फोडणी घालायची तेव्हा अख्ख्या आळीला खोकला यायचा. हरी माझ्याहून चार वर्षांनी मोठा, अंबरनाथला कारखान्यात लागलेला. उंच, पाय नुसते लांबच लांब. बांधावर एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायातला काटा काढायचा, तेव्हा माझी आई हसायची, "बघ, बगला उभा हाय." मी घरातला थापाड्या. बाजारातून मीठ आणायला पाठवलं तरी येताना एक गोष्ट घेऊन यायचो. काकी म्हणायची, "बाला, तुज्या थापेवर भात शिजला असता तं लाकरा वाचली असती." पण ऐकायची. हात भाकरीत आणि कान माझ्याकडे.

पाऊस सरत आला होता, नदी अजून भरलेली होती. हरी पाळीवरून आला, काकीनं भात आणि सुकट वाढली. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. "रोज रोज सुकाट. मानसाना कवरं खावं?" काकी दिवसभर चिखलात राबून आलेली. म्हणाली, "मंग जा. जिकरं ताजी मासली मिलंल तिकरं जा." भांडण म्हणावं असं काही नव्हतं. घरोघरी रोज होतं तेवढंच. हरीने कोपऱ्यातलं जाळं खांद्यावर टाकलं, मला म्हणाला, "येतंस?" मी म्हटलं, मी जेवतोय. तो एकटा गेला. तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला. सख्खा भाऊ नाही, बाप नाही, म्हणून अग्नी मी दिला. माझं डोकं भादरलं, कंबरेला पंचा आला, आणि सोळाव्या वर्षी मी त्या घरातला कर्ता झालो.

सुतकात फोडणी घालत नाहीत. बाहेरच्या माणसाला ही बारीक गोष्ट वाटेल. पण रोज त्या आवाजावर उठणारं घर दहा दिवस फोडणीवाचून राहिलं की कानात काय होतं, ते मला विचारा. चूल पेटायची, भात शिजायचा, आणि त्यानंतर जो आवाज यायला हवा तो यायचा नाही. आम्ही तिघं बसून त्या न येणाऱ्या आवाजाची वाट बघायचो. काकीने त्या दिवसापासून अन्न सोडलं होतं. पाणी घ्यायची, चहा कोणी तोंडाला लावला तर एक घोट. आई विनवायची, शेजारणी रागवायच्या. तिचं एकच म्हणणं, "माजा पोर उपाशी ग्येला. तो कुटं पोचला तं समजूं दे, मंग बघू." दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. समोर चिंचेवर कावळ्यांची रांग होती, पण एकही खाली उतरला नाही. दुपार कलली, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकून घेतलं. परत येताना काकीला दोघींनी धरलं होतं. तिचा हात मी धरायला गेलो तर हातात नुसत्या बांगड्याच आल्यासारखं वाटलं. मला त्या वाटेवर कळलं की आणखी चार दिवस असेच गेले तर हा पंचा मला पुन्हा नेसावा लागणार.

उरलं होतं ते पीठ. आमच्याकडे दहाव्याच्या संध्याकाळी, मेलेला माणूस जिथे निजायचा त्या जागी परातीत तांदळाचं पीठ चाळून ठेवतात, शेजारी दिवा लावतात, वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलायची. पिठात खूण उमटते. मुंगीसारखी उमटली तर मुंगीच्या जन्माला गेला, सरपटल्यासारखी उमटली तर जीव घरात अडकला, पाखराचा पाय उमटला तर सुटला. काहीच नाही उमटलं तर तो कुठेच गेला नाही. पीठ ठेवायचं काम अग्नी देणाऱ्याचं, आणि ठेवताना त्याने बोलायचं नाही, आणि त्या वेळी खोलीत दुसरं कोणी थांबायचं नाही.

मी पीठ चाळलं. फडक्यातून पडणारं पीठ इतकं हलकं होतं की परातीत धुकं भरतंय असं वाटत होतं. दिवेलागणीची वेळ, बाहेर बायका कुजबुजत होत्या, आणि भिंतीपलीकडे टेकून काकी बसली होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी त्या सपाट पांढऱ्या पिठाकडे बघितलं आणि मला पक्कं वाटलं की यात काही उमटणार नाही. कशाला उमटेल? कावळा नाही आला तिथे पीठ काय बोलणार? मग मी टोपली एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मधोमध तीन रेघा ओढल्या, एका ठिकाणाहून फाकलेल्या. पोरं भिंतीवर पाखराचा पाय काढतात तसा. बगळ्याचा म्हणून काढला. टोपली ठेवली, उंदराने हलवू नये म्हणून वर वरवंटा ठेवला, आणि बाहेर आलो. बोट पंच्याला पुसलं.

इथे जरा थांबतो. आमच्या समोरच्या नव्या इमारतीत एक मुलगी राहते, श्रुती. मुंबईला ऑफिसात जाते आणि रविवारी माझ्याकडे येते. मी तिच्या आजोबांच्या वयाचा, पण काका म्हणते, मला बरं वाटतं. तीन महिने झाले, तिची कादंबरी पहिल्या पानावर अडली आहे. लिहिते, पुसते, लिहिते, पुसते. "काका, पहिलं वाक्य परफेक्ट नाही येत हो." मी तिला म्हटलं, बाई गं, कोणाचं आलंय? सपाट पिठाकडे बघत बसलीस तर सकाळी सपाट पीठच मिळेल. वाकडं काढ, खोटं काढ, पण बोट टेकव. आणि एक कर, ज्याचा पाय काढायचा तो आधी बघून ये. ती दोन मिनिटांत मोबाइल पुढे करते, "हा बघा, बगळ्याचा पाय." मी म्हटलं, हा चिखलात किती रुततो ते सांग.  पुढच्या रविवारी सँडल चिखलाने भरवून आली. अजून थोडं शेत उरलंय आमच्याकडे, इमारतींच्या मागे.

सकाळी उजाडायच्या आत बायका जमल्या. टोपली उचलायचा मान शेजारच्या सोनीबायचा, गावातल्या सगळ्या पिठांच्या खुणा तीच वाचायची. तिला मोतीबिंदू झालेला, म्हणून आईने कंदील खाली धरला. मी दारात उभा होतो. सोनीबायने वरवंटा बाजूला केला, टोपली उचलली, वाकली.

"बगला," ती म्हणाली. बायकांनी श्वास सोडला. मीही सोडला. मग ती म्हणाली, "थांबा गो. दोन हायेत."

मला वाटलं म्हातारीला दोन दिसतायत. मी पुढे सरकलो. परातीत दोन पावलं होती. एक माझं, मधोमध, तीन रेघांचं. आणि त्याच्या डाव्या बाजूला, वीतभर अंतरावर, दुसरं. माझ्या रेघांच्या कडेला पीठ दाटून बांध उभे राहिले होते, बोट ओढलं की राहतात तसे. दुसऱ्याला बांध नव्हते. ते ओढलेलं नव्हतं. ते वरून टेकवलेलं होतं. पुढे तीन लांब बोटं, त्यांच्यावर पेरांच्या बारीक गाठी, आणि मागे चौथं बोट, लांब, सरळ. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बगळ्याला मागेही बोट असतं. जन्मभर बांधावर बघत आलो होतो आणि काढताना विसरलो होतो. आणखी एक विसरलो होतो. पाखरू उतरतं ते दोन पायांवर. मी एकच काढला होता.

खरं सांगतो, भीती नंतर वाटली. पहिल्यांदा राग आला. माझ्याहून चांगलं कोणी काढलं म्हणून.

सोनीबाय पिठाला न शिवता वरूनच बोट फिरवत होती. "ह्यो पाय येकाचा, आनि ह्यो दुसऱ्याचा. ह्याला मागचा बोट हाय, ह्याला नाय."

"म्हंजे काय गो?" आईचा आवाज बदलला होता.

"म्हंजे हरी येकला नाय ग्येला. कोनाला तरी संगती न्यायला बघतंय."

कोणी काही बोललं नाही. एकेक करून सगळ्यांची नजर माझ्या भादरलेल्या डोक्यावर आली. आईच्या हातातला कंदील हलायला लागला, आणि त्याबरोबर पिठातल्या दोन्ही पावलांच्या सावल्या हलायला लागल्या, जणू जागच्या जागी पाय उचलतायत. मी बोलायला तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं, की यातलं एक माझं आहे, मी बोटाने काढलंय. आईचा जीव भांड्यात पडला असता. तेवढ्यात काकी भिंतीला धरून उठली. परातीजवळ आली, खाली बसली, बराच वेळ बघत राहिली. एकदा पिठाकडे, एकदा माझ्याकडे. मग आईला म्हणाली, "पेज हाय का गो?"

मी तोंड मिटलं. एक पाऊल खोटं म्हटलं असतं तर दुसरं खरं कोणी मानलं असतं? आईने रडत रडत पेज आणली, काकी वाटीला ओठ लावून प्यायली, आणि मी दारात उभा राहून तिचा घोट घशातून उतरताना बघत होतो. ती वाटी संपेपर्यंत मी गप्प राहिलो. मग पुढेही राहिलो. आई माझ्या पायाला काळा दोरा बांधत होती तेव्हा गप्प, मला नदीवर जायची बंदी झाली तेव्हा गप्प, महिन्याभरात मला पाण्यापासून लांब म्हणून उल्हासनगरला कामाला धाडलं तेव्हाही गप्प. मी हट्टी आहे असं लोक म्हणतात. तो हट्ट तिथे सुरू झाला.

उल्हासनगरला एका सिंधी सेठचा वह्या बनवायचा कारखाना होता. एक लांब खोली, कागदावर रेघा म्हणजे रूळ मारायचं यंत्र, कटिंग मशीन, आणि मागे राहायला पोटमाळा. दिवसभर मशीनचा खाटखूट, पलीकडच्या गल्लीतून पापड भाजल्याचा वास, आणि सगळीकडे कागद. पुठ्ठे चिकटवायला खळ लागायची, आणि खळ मैद्याची. पहिल्याच दिवशी सेठने मला मैदा चाळायला सांगितला आणि माझे हात उचलेनात. सेठ बघत राहिला. "अडे, मैदे से डरता है? सांप बैठा है क्या इसमें?" सगळे कारागीर हसले. मी चाळला, पण डोळे मिटून. रोज सकाळी शटर वर गेलं की जमिनीवर सांडलेल्या मैद्याकडे आधी माझी नजर जायची. चपलांचे ठसे असायचे. मी मोजायचो. आंघोळ करून फरशीवर चाललो तरी मागे वळून ओले पाय मोजायचो, उजवा, डावा, उजवा, डावा. मला माहीत होतं की त्या परातीत एक पाय माझा आहे. सोनीबायने चुकीचं वाचलं नव्हतं.

रूळ चुकलेले कागद फेकून देत. त्यातला एक मी उचलला आणि लिहिलं, एक पाऊल मी काढलं. मग बसलो. दुसरं कोणी काढलं? हे शोधायला मी लिहीत गेलो, दुसरं काही कारण नव्हतं. दर वेळी मी काकीपाशीच पोचायचो. पहाटे ती उठली असेल, वरवंटा हलवला असेल, माझी चूक तिला दिसली असेल. बगळ्याचा पाय तिला माझ्याहून जास्त ठाऊक. पण अन्न सोडलेली बाई वरवंटा उचलेल कशी? आणि बोटाने काढलं तर बांध कसे नाहीत? मी पुन्हा लिहायचो. सेठने एकदा पकडलं. "क्या लिखता है रे सारा दिन, लव लेटर?" मी म्हटलं, नाही सेठ, गोष्ट आहे, संपत नाही. त्याने रूळ तिरके गेलेल्या वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "ले. खराब माल है. तू भी खराब लिख. किसको दिखाना है?" पुढे मला मोठमोठ्या माणसांनी शाबासकी दिली, पण लिहिणाऱ्याच्या उपयोगाचं याहून चांगलं कोणी काही बोललं नाही. श्रुतीला मी हेच दिलंय. खराब लिही, कोणाला दाखवायचंय? वर्षअखेर माझ्याकडे तशा अकरा वह्या झाल्या होत्या. काकीने पाऊल काढलं हे त्यांत शेवटी मी ठरवूनच टाकलं होतं. त्याशिवाय झोप येईना.

वर्षश्राद्धाला मी घरी आलो. जिवंत आलो म्हणून आईने दारात मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. घरात फोडणीचा वास होता, वालाचं बिरडं, ताजी मासळी तळलेली. काकी भरली होती, जेवत होती, शेत करत होती. आई पाण्याला गेली तेव्हा आम्ही दोघंच चुलीपाशी उरलो. काकी भाकरी उलटत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाला, त्या रोजी तू ती पावला काढलीस ना?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मी तवाच वळकला. तुज्या पंच्याला पीठ व्हता. मी म्हटला, पोर माज्यासाटी येवरी थाप मारतंय, सोताच्या जिवावर घेतंय, तं मना खायाला पायजे. म्हून पेज घेतली." तिने भाकरी तव्यावरून काढली. "पर येक सांग. येक पाय तू येरावाकरा काढलास. दुसरा येवरा चांगला कसा काढलास? ता मागचा बोट, त्या गाठी?"

माझ्या अकरा वह्या तिथे चुलीपाशी एका क्षणात रद्द झाल्या. मी हो म्हणू शकलो असतो. थापाड्याला काय जड होतं? पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "काकी, मी येकच काढला."

तवा रिकामा तापत होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "मना वाटलं, दुसरा तू काढलास."

"मी परातीला हात नाय लावला."

बाहेर म्हशीने घंटा हलवली.  काकीच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, आणि मग जे आलं ते बघून मी मागे सरकलो. दुःख नव्हतं ते. घाई होती. "म्हंजे तो आला व्हता," ती म्हणाली. "आनि वरीसभर मी त्याचा पान नाय मांडला. खोटा म्हून नाय मांडला. सनाला नाय, पितरांना नाय. मुडद्या, येवरं वरीस बोललास का नाय?"

ती उठली. मागच्या पडवीत दोन पानं मांडली, शेजारी शेजारी. दोन्हींवर भात वाढला, भाताचा डोंगर, त्यावर बिरडं, तळलेली मासळी. एका पानावर मला बसवलं. मग दाराशी उभी राहून, भर दुपारच्या उन्हात, शेताकडे तोंड करून तिने हाक मारली, वरच्या आळीतून पोराला जेवायला बोलावतात तशी, "हरी, ये रं! जेवाला ये!" एकदाच. आणि आत जाऊन उंबऱ्यापलीकडे पाठ करून बसली, कारण आपण बघत बसलो तर गेलेली माणसं येत नाहीत.

मी जेवलो. मान खाली घालून, माझ्या पानातला भात, माझ्या पानातली मासळी. डाव्या हाताला, दुसऱ्या पानाच्या बाजूला, ऊन होतं आणि मध्ये एकदा ते ऊन थोडं कमी झालं. ढग आला असेल. मी मान वर केली नाही, शेजारच्या पानाकडे बघितलं नाही, शेवटचा घास घेऊन डोळे मिटूनच उठलो आणि हात धुवायला गेलो. परत आलो तोवर काकीने दोन्ही पानं उचलून एकात एक दुमडली होती. तीही त्यांच्याकडे बघत नव्हती.

"त्याला भात पुरला का रं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "पुरला."